विशाखापट्टणम : पृष्ठप्रदेशाने घडविलेले बंदर

(पंचायतींचे सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी मी पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणम या औद्योगिक बंदराचा विषय निवडला, तेव्हा काही मित्रांनी विचारले की, महाराष्ट्रातील पंचायतींच्या सदस्यांना आंध्र प्रदेशातील एका बंदराचे काय? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मात्र आपल्याच मातीत आहे. नागपूर जिल्ह्यातील मनसर आणि कांद्री, भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मँगनीजच्या खाणींची नावे विदर्भातील मंडळींना परिचित आहेत. नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या जुन्या मध्य प्रांताला समुद्रकिनारा नव्हता. या प्रांतातील मँगनीज परदेशी जाण्यासाठी एक दार हवे होते. ते दार म्हणजे विशाखापट्टणमचे बंदर होय. म्हणून या शहराचा इतिहास हा काही अंशी आपलाही इतिहास आहे.

बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. परंतु बंदर केवळ समुद्रामुळे घडत नाही. त्याच्या पाठीमागे पसरलेल्या, ज्याचा माल तेथून जातो-येतो अशा प्रदेशामुळे ते घडते. भूगोलाच्या पुस्तकांत त्याला पृष्ठप्रदेश म्हणतात. या पृष्ठप्रदेशाने बंदराला काय दिले आणि बंदराने त्याला काय परत केले, हा हिशेब मांडण्याचा माझा आज प्रयत्न आहे.

प्राचीन वारसा

चेन्नई आणि कोलकाता यांच्या जवळजवळ मध्यावर, पूर्व घाटाच्या टेकड्या जेथे थेट समुद्रात उतरतात, तेथे विशाखापट्टणम वसले आहे. येथे एके काळी विशाखेश्वराचे मंदिर होते व पुढे ते समुद्राने गिळले, अशी लोकपरंपरा आहे. गावाचे नाव त्यावरून पडले असे सांगतात.

परंपरेपेक्षा भक्कम पुरावा जवळच्या डोंगरांवर आहे. भीमुनिपट्टणमच्या वाटेवर तोटलकोंडा आणि बाविकोंडा या टेकड्यांवर उत्खननात बौद्ध विहार, स्तूप आणि सभागृहे यांचे अवशेष सापडले. तोटलकोंडा म्हणजे पाण्याच्या टाक्यांचा डोंगर. कान्हेरीला आपण खडकात खोदलेल्या पोढी पाहतो, तशीच ही टाकी. या दोन्ही ठिकाणी सातवाहनांची नाणी आणि रोमन चांदीची नाणी मिळाली आहेत. आपल्या पैठणशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या सातवाहनांचा व्यवहार या किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता. कान्हेरीच्या लेण्यांना कल्याण आणि सोपारा येथील व्यापाऱ्यांनी दाने दिली. पूर्व किनाऱ्यावरही विहार आणि सागरी व्यापार यांचा असाच शेजार दिसतो.

सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी भीमुनिपट्टणम येथे आणि इंग्रजांनी विशाखापट्टणम येथे वखारी घातल्या. १७५७ मध्ये फ्रेंच सेनापती बुसी याने इंग्रजांकडून हे ठाणे काही काळ हिसकावून घेतले. १८०४ च्या सप्टेंबरमध्ये याच किनाऱ्याजवळ फ्रेंच आणि इंग्रज युद्धनौकांची चकमक झाली. तरीही विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत हे किनाऱ्यावरचे एक शांत जिल्हागाव होते. १९३१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या सुमारे ५७ हजार होती. २०११ च्या जनगणनेत महानगराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली. ऐंशी वर्षांत झालेल्या या बदलाचे मूळ बंदरात आहे.

खाजणातून बंदर

मध्य प्रांताचे बंदर म्हणून विशाखापट्टणमचा विचार व्हावा, अशी मांडणी करणारी एक पुस्तिका १८७७ मध्येच निघाली होती. परंतु योजनेला मंजुरी मिळाली ती पहिल्या महायुद्धानंतर. बंगाल-नागपूर रेल्वेने १९२७ ते १९३३ या काळात बंदर बांधले. त्याला ३७८ लाख रुपये खर्च आला. याच सुमारास, १९३१ मध्ये, रायपूर ते विजयनगरम हा घाटातला लोहमार्ग पूर्ण झाला व मध्य प्रांताच्या पूर्व भागाला समुद्राची जवळची वाट मिळाली. मालाची वाट आणि मालाचे दार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच रेल्वे कंपनीने सिद्ध केल्या. नियोजनाच्या दृष्टीने ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

बंदराची जागा म्हणजे कोकणातील मंडळींच्या भाषेत एक मोठे खाजण होते. मेघाद्री गेड्डा या ओढ्याच्या मुखाशी भरतीचे पाणी शिरत असे आणि ओहोटीला चिखल उघडा पडत असे. दक्षिणेच्या बाजूस डॉल्फिनच्या नाकासारखा पुढे आलेला डोंगर आहे. त्याला ‘डॉल्फिन्स नोज’ असेच नाव आहे. त्याच्या आडोशाने एक प्रवेशमार्ग खोदून आत गोद्या बांधण्यात आल्या.

खरी अडचण वाळूची होती. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत या किनाऱ्यावर समुद्र दक्षिणेकडून उत्तरेकडे वाळू वाहून नेतो. प्रवेशमार्ग खोदावा आणि वाळूने तो बुजवावा, असा हा खेळ होता. अभियंत्यांनी त्यावर एक साधा उपाय केला. दोन जुनी जहाजे मुखाशी बुडवून त्यांचाच बांध केला आणि त्याच्या आडोशाला येणारी वाळू साचेल असा खड्डा राखून ड्रेजरने ती उपसण्याची व्यवस्था ठेवली. उत्तरेकडील किनाऱ्याच्या वाट्याची वाळू अशी अडल्यामुळे तो किनारा झिजू लागतो. म्हणून उपसलेली वाळू तेथे नेऊन टाकावी लागते. हे काम आजही संपलेले नाही. निसर्गाचा एक प्रवाह अडविला की त्याची भरपाई कायमची आपल्याकडे येते, हा धडा किनाऱ्यावरील प्रत्येक पंचायतीने घ्यावा असा आहे.

७ ऑक्टोबर १९३३ रोजी ‘जलदुर्गा’ हे प्रवासी जहाज या बंदरात आले आणि सागरी वाहतुकीस प्रारंभ झाला. १९ डिसेंबर १९३३ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते बंदराचे रीतसर उद्घाटन झाले. ‘जलदुर्गा’ हे जहाज मुंबईच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे होते. या कंपनीमुळेच विशाखापट्टणमच्या कथेत सोलापूरचे नाव येते.

सोलापूरच्या सुपुत्राचे स्वप्न

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूर येथे झाला. १९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह सिंदिया कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. परंतु परक्याने बांधलेली जहाजे विकत घेऊन चालविणे एवढ्यावर वालचंदांचे समाधान नव्हते. जहाजे येथेच बांधली गेली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. कोलकात्यात सोयीच्या अटींवर जागा मिळेना, तेव्हा त्यांनी विशाखापट्टणमची निवड केली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथे जहाज कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली.

त्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, ६ एप्रिल १९४२ रोजी, जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. काम रखडले, पण सोडून दिले गेले नाही. १४ मार्च १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ‘जलउषा’ हे सुमारे आठ हजार टनांचे जहाज समुद्रात लोटण्यात आले. स्वतंत्र भारतात बांधले गेलेले हे पहिले मोठे आगजहाज. १९५२ मध्ये कारखाना ‘हिंदुस्थान शिपयार्ड’ झाला, १९६१ मध्ये तो पूर्णपणे शासनाच्या मालकीचा झाला आणि २०१० पासून तो संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे.

मँगनीजची कथा आणि जहाजाची कथा शेजारी ठेवून पाहा. एकीत आपला कच्चा माल दुसऱ्याच्या कारखान्यासाठी दाराबाहेर जातो. दुसरीत त्याच दारात उभे राहून आपला माणूस म्हणतो की, पक्का माल येथेच व्हावा. विशाखापट्टणमच्या पुढील इतिहासात या दोन प्रवृत्ती सतत एकमेकींसमोर आलेल्या दिसतात.

लोहखनिज आणि पोलाद

स्वातंत्र्यानंतर बस्तरमधील बैलाडिला डोंगरातील उच्च प्रतीचे लोहखनिज जपानला पाठविण्याचे ठरले. त्यासाठी पूर्व घाट ओलांडून किरंदुल ते कोत्तवलसा हा लोहमार्ग गेल्या शतकाच्या सातव्या दशकात बांधण्यात आला. पन्नासहून अधिक बोगदे असलेला हा मार्ग सुमारे एक हजार मीटर उंची गाठतो. पुढे मोठ्या खनिजवाहू जहाजांसाठी बाह्य बंदर बांधण्यात आले आणि १९७६ मध्ये ते सुरू झाले.

डोंगरातून खनिज निघते आणि आपल्या दारावरून परदेशी जाते, तर पोलाद आपल्याकडे का तयार होऊ नये, असा प्रश्न आंध्रच्या जनतेने विचारला. १९६६ मध्ये ‘विशाखाचे पोलाद हा आंध्रांचा हक्क’ या घोषणेने राज्य दुमदुमले. या आंदोलनात ३२ जणांनी प्राण गमावले. १९७० च्या एप्रिलमध्ये केंद्र शासनाने कारखान्याची घोषणा केली व २० जानेवारी १९७१ रोजी पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनी कोनशिला बसविली. निधीच्या अभावी काम लांबले. १९९० मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि १ ऑगस्ट १९९२ रोजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला. पहिल्या झोतभट्टीचे नाव ‘गोदावरी’. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी नदी आंध्रच्या पोलादालाही नाव देऊन गेली आहे.

परंतु या यशाला दोन बाजू आहेत, आणि दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होणार नाही. कारखान्यासाठी ६४ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. सोळा हजारांहून अधिक कुटुंबे विस्थापित झाली. त्यांना ‘आर कार्ड’ म्हणून ओळखली जाणारी ओळखपत्रे मिळाली. त्या कार्डावर अनेकांना नोकरी मिळाली, अनेकांना मिळाली नाही, आणि तो प्रश्न कारखाना सुरू झाल्यावरही अनेक दशके धुमसत राहिला. दुसरी गोष्ट म्हणजे, ज्या खनिजाच्या आधारावर कारखान्याची मागणी झाली, त्या खनिजाची स्वतःची खाण या कारखान्याला मिळाली नाही. खनिज विकत घ्यावे लागत असल्याने खर्च वाढला. २०२१ मध्ये कारखान्याच्या निर्गुंतवणुकीचा निर्णय जाहीर झाला, त्याविरुद्ध कामगारांनी दीर्घ आंदोलन केले, आणि २०२५ च्या जानेवारीत केंद्र शासनाने ११,४४० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. कोनशिला बसविताना कच्च्या मालाची तरतूद किती पक्की आहे, यावर पन्नास वर्षांनंतरचे भवितव्य अवलंबून असते, हे यावरून दिसून येते.

वाढते शहर, वाढती जबाबदारी

बंदरापाठोपाठ इतर उद्योग आले. १९५७ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. त्यानंतर खतांचा आणि जस्ताचा कारखाना आला. १९६८ पासून येथे नौदलाच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. २००५ मध्ये गाजुवाका नगरपालिका आणि ३२ गावे सामावून घेऊन बृहन्महानगरपालिका स्थापन झाली. शहराला आणि पोलाद कारखान्याला पाणी पुरविण्यासाठी येलेरू जलाशयापासून सुमारे १५० किलोमीटर लांबीचा कालवा आणावा लागला. २०२३-२४ या वर्षी बंदराने ८ कोटी टनांहून अधिक मालाची चढउतार केली.

ही वाढ सरळ रेषेत झाली नाही. १४ सप्टेंबर १९९७ रोजी तेलशुद्धीकरण कारखान्यात द्रवरूप वायूला आग लागून सुमारे साठ जण मृत्युमुखी पडले. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ चक्रीवादळ थेट या शहरावर आदळले. आणि ७ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीनंतर पुन्हा सुरू होऊ घातलेल्या एका रासायनिक कारखान्याच्या टाकीतून स्टायरिनची वाफ बाहेर पडली. शेजारच्या वेंकटपुरम गावातील लोक झोपेत होते. बारा जणांचा मृत्यू झाला, शेकडो रुग्णालयात दाखल झाले.

या शेवटच्या दुर्घटनेकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. कारखाना १९६१ मध्ये उभा राहिला तेव्हा तो शहराबाहेर होता. त्यानंतरच्या साठ वर्षांत घरे त्याच्या भिंतीपर्यंत पोहोचली. एकेक घर एकेका परवानगीने किंवा परवानगीवाचून उभे राहिले असेल; त्या क्षणी कोणालाच त्यात काही वावगे वाटले नसेल. कारखान्याने साठवण किती सुरक्षित ठेवली हा एक प्रश्न, आणि कारखान्याभोवतीची मोकळी जागा कोणी राखावयाची हा दुसरा. पहिला प्रश्न उद्योगाचा व निरीक्षकांचा आहे. दुसरा बऱ्याच अंशी आपला, म्हणजे स्थानिक संस्थांचा आहे.

पाहण्याजोगी स्थळे

आता शिक्षक मंडळींसाठी थोडेसे. शालेय सहलीला या शहराइतके विविध धडे एका ठिकाणी क्वचित मिळतील.

पहिला दिवस बंदराजवळच्या जुन्या गावात घालवावा. प्रवेशमार्गाच्या काठी तीन टेकड्या आहेत. एकीवर मेरीमातेचे चर्च, दुसरीवर इशाक मदिना यांचा दर्गा आणि तिसरीवर श्रीवेंकटेश्वराचे मंदिर. जहाजावरील खलाशी कोणत्याही धर्माचा असो, बंदरात शिरताना त्याला हात जोडावयास एक जागा दिसतेच. तेथून मासेमारी बंदर जवळ आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये येथे लागलेल्या आगीत सुमारे चाळीस नौका जळाल्या. पहाटेचा लिलाव पाहिला म्हणजे या शहरात पोलादाच्या कितीतरी आधीपासून मासळीवर जगणारा समाज आहे, हे विद्यार्थ्यांना कळेल.

रामकृष्ण समुद्रकिनाऱ्यावर ‘कुरसुरा’ ही पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे. १९६९ मध्ये नौदलात आलेली ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून संग्रहालय म्हणून खुली आहे. अरुंद दारांतून वाकून आत गेल्यावर नौसैनिक कसे राहतात याची कल्पना येते. १९७१ च्या डिसेंबरमध्ये पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी याच बंदराबाहेर बुडाली. त्या युद्धाचे स्मारक जवळच आहे.

दुसऱ्या दिवशी सिंहाचलम पाहावे. वराह-नरसिंहाच्या या मंदिरात अकराव्या शतकाच्या अखेरीपासूनचे शिलालेख आहेत, आणि विजयनगरचा कृष्णदेवराय येथे दर्शनास आला होता. मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते. केवळ अक्षय्य तृतीयेला तिचे मूळ रूप दिसते. परतताना तोटलकोंडा, भीमुनिपट्टणममधील डचांचे जुने दफनस्थान आणि वाटेवरील लाल मातीच्या टेकड्या पाहाव्यात. वाऱ्याने आणि पाण्याने घडविलेल्या या टेकड्यांना राष्ट्रीय भूवारसा स्थळ म्हणून मान्यता आहे. भूगोलाच्या शिक्षकाला याहून चांगला फळा मिळणार नाही.

तिसरा दिवस किरंदुलच्या गाडीसाठी राखून ठेवावा. ज्या मार्गाने खनिज खाली उतरते त्याच मार्गाने बोगद्यांमागून बोगदे ओलांडीत आपण बोर्रा येथील चुनखडीच्या गुहा पाहून अरकू खोऱ्यात पोहोचतो. येथील आदिवासी शेतकरी सावलीच्या झाडांखाली कॉफी पिकवितात. २०१९ मध्ये या अरबिका कॉफीला भौगोलिक चिन्हांकन मिळाले. बोगद्यात समोरून खनिजाची लांबलचक मालगाडी गेली की विद्यार्थ्यांना विचारावे : डोंगरातून खाली जाणाऱ्या या दोन मालांपैकी कोणत्या मालावर डोंगरातल्या माणसाचे नाव आहे?

आपल्यासाठी बोध

मित्रहो, हाच प्रश्न मी आपल्यापुढे ठेवून थांबणार आहे. आपल्या किनाऱ्यावर १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. उरण परिसरातील ग्रामस्थांनी आपल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी किती मोठा लढा दिला आणि १९८४ मध्ये त्यात पाच जणांनी कसे प्राण वेचले, हे आपण जाणता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. म्हणजे विशाखापट्टणमने ज्या प्रश्नांना तोंड दिले, ते प्रश्न आपल्या ग्रामसभांच्या कार्यसूचीवर आलेले आहेत, किंवा येणार आहेत.

असा प्रकल्प आपल्या परिसरात येईल, तेव्हा ग्रामसभेने तीन गोष्टींची नोंद ठेवावी. पहिली, आपल्या भागातून कोणता माल, कोणत्या रूपात बाहेर जातो आणि त्यावरील कोणती प्रक्रिया येथेच होऊ शकते. दुसरी, जमीन, पाणी, मासेमारीची जागा यांवर आज कोणाकोणाचा चरितार्थ चालतो; सातबारावर नाव नसलेला कूळ, मजूर आणि मच्छीमारही त्या यादीत असावा, कारण पुनर्वसनाच्या वेळी जे कागदावर नसते ते अस्तित्वातच नव्हते असे धरले जाते. तिसरी, धोक्याच्या उद्योगाभोवतीची मोकळी जागा आज मोकळी असेल तर ती वीस वर्षांनंतरही तशीच राहील यासाठी कोण जबाबदार आहे. या तीन नोंदी ठेवावयास निधी लागत नाही. एक वही, एक दक्ष ग्रामसेवक आणि प्रश्न विचारणारे चार सदस्य पुरेसे आहेत.

विशाखापट्टणमने देशाला जहाजे दिली, पोलाद दिले, सागरी संरक्षण दिले. या देण्याबद्दल त्या शहराविषयी आपण कृतज्ञ असावे. मात्र खाजणातून बंदर उभे करताना वाळूचा हिशेब जसा अभियंत्यांनी अगोदर मांडला, तसा माणसांचा हिशेबही अगोदर मांडला गेला असता, तर चौसष्ट गावांची कहाणी कदाचित वेगळी झाली असती. तो हिशेब मांडण्याची संधी आपल्याला आहे.